पामेला कोलमन स्मिथ : टॅरोच्या पत्त्यांना अर्थ देणारी चित्रकर्ती

१

चित्र पाहायचे असते आणि लेख वाचायचा असतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. टॅरोचे पत्ते मात्र पाहण्यासाठी नव्हे, तर वाचण्यासाठी हाती घेतले जातात. त्यांतील प्रत्येक आकृती, रंग आणि वस्तू ही जणू एखाद्या संहितेतील शब्द आहे असे मानून तिचा अन्वयार्थ लावला जातो. आज जगभर टॅरो म्हणून जो अठ्ठ्याहत्तर पत्त्यांचा संच सर्वाधिक परिचित आहे, तो डिसेंबर १९०९ मध्ये लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. संचाची योजना आर्थर एडवर्ड वेट या गूढविद्येच्या अभ्यासकाची होती. चित्रे पामेला कोलमन स्मिथ हिची. पुढे अनेक दशके हा संच प्रकाशक आणि योजक या दोघांच्याच नावांनी, म्हणजे रायडर-वेट टॅरो या नावाने, ओळखला गेला. चित्रकर्तीच्या नावाला त्यात जागा मिळाली नाही.

प्रस्तुत लेखात या चित्रकर्तीच्या चरित्राचा मागोवा घ्यावयाचा आहे. त्यामागील प्रतिपादन असे की, या पत्त्यांना आज जो अर्थ दिला जातो त्याचा फार मोठा भाग वेटच्या ग्रंथातून आलेला नसून पामेलाच्या कुंचल्यातून आलेला आहे. पत्ते भविष्य सांगतात की नाही, हा प्रश्न येथे अभिप्रेत नाही. प्रतिमेला अर्थ कोण देतो, हा साहित्याच्या अभ्यासकाच्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे आणि त्याचे एक बोलके उदाहरण या स्त्रीच्या आयुष्यात सापडते.

टॅरोची पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान आणि फेरारा येथील दरबारांच्या परिसरात, हे पत्ते प्रचारात आले, आणि ते आले खेळासाठी. चार रंगांचे छप्पन्न पत्ते, आणि त्यांवर मात करणारे एकवीस हुकमाचे व एक विदूषकाचा, असे बावीस चित्रमय पत्ते, ही त्यांची रचना. तीन शतकांहून अधिक काळ त्यांकडे कोणी गूढ ग्रंथ म्हणून पाहिले नव्हते. १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने हे पत्ते म्हणजे प्राचीन ईजिप्तच्या पुरोहितांचे ज्ञानभांडार होय, असे प्रतिपादन केले. ईजिप्तची चित्रलिपी तेव्हा कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोल्यॉने ती उलगडली १८२२ मध्ये, आणि तिच्यात टॅरोला कोणताच आधार मिळाला नाही. तरीही कल्पना रुजली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एलिफास लेव्ही याने बावीस पत्त्यांचा संबंध हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांशी जोडला आणि १८८८ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या गूढपंथाने तो वारसा पुढे चालविला. मायकेल डमेट या तत्त्वज्ञाने १९८० साली टॅरोच्या खेळाचा सविस्तर इतिहास प्रसिद्ध केला आणि ईजिप्तची दंतकथा निकालात काढली. गूढार्थाची परंपरा अशी अर्वाचीन ठरते. पण अर्वाचीन म्हणून ती अभ्यासास अपात्र ठरत नाही.

२

पामेलाचा जन्म १६ फेब्रुवारी १८७८ रोजी लंडनमध्ये झाला. आईवडील दोघेही अमेरिकन. पितृकुळ ब्रुकलिनचे, आजोबा सायरस पोर्टर स्मिथ हे त्या शहराचे महापौर होते. बालपणाची पहिली वर्षे मँचेस्टर परिसरात गेली. वडिलांच्या व्यवसायामुळे १८८९ च्या सुमारास कुटुंब जमेकातील किंग्स्टन येथे गेले आणि वयाच्या अकराव्या वर्षापासून या मुलीचे जीवन इंग्लंड, जमेका आणि न्यूयॉर्क या तीन ठिकाणी विभागले गेले.

जमेकाने तिला कथा दिल्या. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी आपल्यासोबत अनान्सी या धूर्त कोळ्याच्या गोष्टी आणल्या होत्या. कधी कोळी, कधी माणूस असलेला हा अनान्सी बळाने कोणालाच जिंकू शकत नाही, पण युक्तीने सर्वांना फसवितो. आपल्याकडील पंचतंत्रातील सशाशी किंवा लोककथांतील कोल्ह्याशी त्याचे नाते सहज लक्षात यावे. पामेलाने या कथा ऐकल्या, आत्मसात केल्या आणि १८९९ मध्ये ‘अ‍ॅनन्सी स्टोरीज’ या नावाने स्वतःच्या चित्रांसह न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध केल्या. कथांची भाषा तिने प्रमाण इंग्रजीत आणली नाही. जमेकन बोलीच ठेवली. कथा ही मुखाने सांगावयाची वस्तू आहे, आणि ती बोलीतून सोडवून घेतली तर तिचा प्राण जातो, ही जाणीव त्यामागे दिसते.

१८९३ मध्ये पंधराव्या वर्षी ती ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकला शिकण्यास दाखल झाली. तेथे आर्थर वेस्ली डाउ हे तिचे शिक्षक होते. जपानी मुद्राचित्रांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. निसर्गाची हुबेहूब नक्कल करण्यापेक्षा रेषा, छायाप्रकाशाची मांडणी आणि रंग यांचा मेळ साधणे ही कला, असे त्यांचे शिकवणे होते. ठसठशीत बाह्यरेषा, सपाट रंगांची क्षेत्रे आणि मोजकाच तपशील हे पामेलाच्या पुढील चित्रांचे विशेष या शिकवणुकीकडे बोट दाखवितात. १८९६ मध्ये आई वारली; १८९७ मध्ये पदवी न घेताच तिने संस्था सोडली; १८९९ च्या अखेरीस वडीलही गेले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ती एकटी होती आणि लेखणी-कुंचल्यावाचून तिच्यापाशी उपजीविकेचे साधन नव्हते.

३

या एकटेपणात तिला आसरा दिला रंगभूमीने. हेन्री आयर्व्हिंग आणि एलेन टेरी यांच्या लायसियम नाटकमंडळीशी तिचा परिचय झाला होता. मंडळीचा व्यवस्थापक ब्रॅम स्टोकर, हाच पुढे ‘ड्रॅक्युला’ कादंबरीचा कर्ता म्हणून अजरामर झाला. एलेन टेरीने तिला ‘पिक्सी’, म्हणजे वनदेवतेचे खोडकर पोर, हे लाडके नाव दिले आणि तेच मित्रमंडळींत रूढ झाले. पामेलाने मंडळीबरोबर प्रवास केला, वेशभूषेची व नेपथ्याची कामे केली, नटनट्यांची असंख्य रेखाटने केली. १९०८ मध्ये कलाविद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या एका लेखात तिने रंगभूमी हीच चित्रकाराची शाळा असल्याचे आवर्जून सांगितले. देहाची ठेवण, वस्त्रांची घडी, हाताची हालचाल यांतून भावना कशी व्यक्त होते हे तेथेच कळते, असा तिचा अभिप्राय.

लंडनमध्ये तिच्या चित्रशाळेतील सायंकाळच्या मैफलींना लेखक, नट, गायक जमत. अंगावर रंगीबेरंगी वस्त्रे घालून, जमिनीवर बसून ती अनान्सीच्या गोष्टी सांगत असे. आर्थर रॅन्सम याने १९०७ मधील लंडनच्या कलावंतजीवनावरील आपल्या पुस्तकात अशा एका सायंकाळीचे वर्णन केले आहे. कवी डब्ल्यू. बी. येट्स आणि त्याचा चित्रकार भाऊ जॅक हे तिच्या परिचितांपैकी. १९०३ मध्ये तिने ‘द ग्रीन शीफ’ हे स्वतःचे नियतकालिक काढले. हाताने रंगविलेल्या चित्रांचे हे छोटेसे पत्र तेरा अंकांनंतर १९०४ मध्ये बंद पडले. १९०५ मध्ये ‘चिम-चिम’ हा जमेकन कथांचा दुसरा संग्रह निघाला.

तिच्या प्रतिभेचा आणखी एक विशेष येथे नोंदविला पाहिजे. संगीत ऐकत असता तिच्या डोळ्यांसमोर आकृती उभ्या राहत, आणि बाख, बेथोव्हेन, शूमान, देब्यूसी यांच्या रचना ऐकता ऐकताच ती त्या कागदावर उतरवीत असे. ध्वनीचे रूपात होणारे हे रूपांतर आपल्याकडील रागमालाचित्रांच्या परंपरेची आठवण करून देणारे आहे. भेद इतकाच की, तेथे रागाचे ध्यान शास्त्राने व काव्याने आधीच निश्चित केलेले असते. पामेलाला ते दर वेळी नव्याने दिसत होते. ही संगीतचित्रे जानेवारी १९०७ मध्ये आल्फ्रेड स्टीग्लिट्झ याने न्यूयॉर्कच्या आपल्या दालनात मांडली. छायाचित्रणाला वाहिलेल्या त्या दालनात छायाचित्रे नसलेले हे पहिलेच प्रदर्शन होते. मातीस, रोदँ यांसारखे युरोपीय कलावंत तेथे आले ते त्यानंतर.

४

येट्सच्या ओळखीतून १९०१ मध्ये पामेला ‘गोल्डन डॉन’ पंथात आली. १९०३ मध्ये पंथात फूट पडली तेव्हा तिने वेटच्या शाखेबरोबर राहणे पत्करले. वेटला टॅरोचा एक शुद्ध आणि प्रतीकदृष्ट्या अर्थपूर्ण संच सिद्ध करावयाचा होता. त्यासाठी त्याने पामेलाची निवड केली आणि १९०९ च्या वसंत ऋतूपासून शरद ऋतूपर्यंतच्या सहा-सात महिन्यांत तिने सारी चित्रे पुरी केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्टीग्लिट्झला पाठविलेल्या पत्रात तिने आपण फार मोठे काम अगदी थोड्या पैशांत पार पाडल्याचे कळविले होते.

या कामाचे स्वरूप नीट समजून घेण्यासाठी भारतीय वाचकाने सावंतवाडीची गंजिफा डोळ्यांसमोर आणावी. दशावतारी गंजिफात दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा, असे एकशेवीस पत्ते असतात. राजा आणि प्रधान या दोन पत्त्यांवर आकृती असते. बाकीच्या दहांवर त्या त्या अवताराचे चिन्ह तितक्या वेळा काढलेले असते. मत्स्याचे मासे, परशुरामाचे परशू मोजायचे, वाचायचे नाहीत. युरोपातील टॅरोची स्थिती हीच होती. बावीस मोठे पत्ते आणि राजा, राणी, स्वार, सेवक हे सोडले, तर उरलेल्या चाळीस पत्त्यांवर दंड, चषक, खड्ग आणि नाणी यांची केवळ गणती होती. चषकांची अठ्ठी म्हणजे आठ पेले. त्यापलीकडे त्या पत्त्यावर काही नव्हते.

पामेलाने या चाळीस पत्त्यांना चाळीस प्रसंग दिले. याला पूर्वाधार अगदीच नव्हता असे नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरचा ‘सोला-बुस्का’ हा इटालियन संच याला अपवाद आहे. आज मिलानच्या ब्रेरा कलासंग्रहालयात असलेल्या या संचाची छायाचित्रे १९०७ मध्ये ब्रिटिश म्यूझियमला मिळाली होती. पामेलाने ती पाहिली असावीत हे दोन्ही संच शेजारी ठेवताच पटते. खड्गांच्या तिर्रीवरील तीन तलवारींनी विद्ध झालेले हृदय थेट तेथून आलेले आहे. परंतु अशी साम्ये थोडी आहेत. बहुसंख्य प्रसंग तिचे स्वतःचे आहेत आणि त्यांचे मूळ तिच्या चरित्रातच शोधावे लागते.

रंगभूमीचा ठसा तर उघड आहे. अनेक पत्त्यांवर पुढचा भाग रंगमंचाच्या फळीसारखा सपाट, त्यामागे आडवी रेषा आणि तिच्यापलीकडे पडद्यावर रंगविल्यासारखे दृश्य आहे. नाण्यांच्या दुर्रीवर उंच टोपी घातलेला तरुण दोन नाणी झेलत सपाट भूमीवर नाचतो आणि मागे उसळत्या लाटांवर दोन गलबते हेलकावतात. माणूस आपल्या कसरतीत दंग आहे, आणि संसाराची खळबळ मागच्या पडद्यावर चालू आहे. हा अर्थ पात्राच्या पदन्यासातून आणि नेपथ्यातून व्यक्त होतो. त्यासाठी कोणत्याही गूढ संकेताचे ज्ञान लागत नाही.

५

वेटने मोठ्या पत्त्यांच्या बाबतीत पामेलाला मार्गदर्शन केले होते. पुरोहिता, विदूषक आणि टांगलेला पुरुष या तीन पत्त्यांकडे आपण विशेष लक्ष दिले, असे त्याने उत्तरायुष्यातील आठवणींत नमूद केले आहे. लहान पत्त्यांबाबत त्याने असा दावा केलेला नाही. तेव्हा दोन्ही प्रकारांतील नमुने तपासून पाहणे उपयुक्त ठरेल.

प्रथम विदूषकाचा पत्ता. जुन्या इटालियन चित्रांत हा केसांत पिसे खोवलेला, फाटक्या वस्त्रांतील भिकारी आहे. फ्रेंच पत्त्यांत जनावर त्याची तुमान ओरबाडत आहे. शून्य अंकाच्या या पत्त्यावर पामेलाने फुलांनी नटलेल्या अंगरख्यातील तरुण काढला. एका हाती पांढरे गुलाब, खांद्यावरील काठीला गाठोडे, पायाशी उड्या मारणारे पांढरे कुत्रे, मागे शुभ्र सूर्य. पाय कड्याच्या टोकाशी आलेला आहे आणि दृष्टी आकाशाकडे आहे. वेटच्या विवेचनात हा परलोकीचा राजपुत्र या लोकाच्या प्रवासास निघाला आहे, असा आशय आहे. परंतु भाकिताच्या यादीत तोच पत्ता मूर्खपणा, उधळेपणा आणि उन्माद यांचा निदर्शक ठरतो. ग्रंथातील हे दोन अर्थ एकमेकांशी जुळत नाहीत. चित्रात मात्र ते एकाच क्षणी नांदतात. पुढचे पाऊल उड्डाणाचे की पतनाचे, हे चित्रकर्तीने अनिर्णित ठेवले आहे. आपल्याकडे अवधूत किंवा पिसा झालेला भक्त लोकांच्या दृष्टीने वेडा आणि परंपरेच्या दृष्टीने मुक्त असतो. त्या द्व्यर्थाशी परिचित असलेल्या वाचकाला हा पत्ता परका वाटू नये.

तेराव्या पत्त्यावरील मृत्यू जुन्या फ्रेंच संचात शेतात विळा चालविणारा सांगाडा आहे. कापलेली मस्तके आणि हात भोवती विखुरलेले आहेत. पामेलाचा मृत्यू चिलखत घालून शुभ्र घोड्यावर संथपणे येतो. त्याच्या काळ्या ध्वजावर पांढरे गुलाब आहे. राजा खाली कोसळला आहे, मुकुट धुळीत आहे. धर्माचार्य हात जोडून उभा आहे. तरुणीने गुडघे टेकून तोंड फिरविले आहे. फक्त लहान मूल वर मान करून त्याच्याकडे पाहते. दूर दोन मनोऱ्यांमध्ये सूर्य आहे. सत्ता, धर्म, तारुण्य आणि बाल्य यांचे मृत्यूला सामोरे जाण्याचे चार प्रकार येथे एका दृश्यात बसविले आहेत. गुलाब आणि सूर्य ही प्रतीके वेटची असतील. पण चार देहांची चार प्रकारची ठेवण ही लायसियमच्या विंगेत उभे राहून पाहणाऱ्या डोळ्यांची कमाई आहे.

तिसरे उदाहरण लहान पत्त्यांपैकी, चषकांच्या अठ्ठीचे, आणि प्रस्तुत प्रतिपादनाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे. पुढे आठ चषक रचले आहेत, खाली पाच आणि वर तीन, मध्ये एका चषकाची जागा रिकामी. लाल वस्त्रातील एक पुरुष काठी घेऊन, आपल्याकडे पाठ करून, रात्रीच्या वेळी पाण्याच्या कडेने डोंगराकडे निघाला आहे. वर चंद्राचा चेहरा खाली झुकला आहे. मिळविलेले सारे जागच्या जागी असताना, जे उणे राहिले त्यासाठी ते सोडून निघणे, असा अर्थ कोणीही सांगावा. १९११ च्या आपल्या सचित्र ग्रंथात वेटने हे चित्र स्वयंस्पष्ट असल्याचे मान्य केले. आणि लगेच आनंद, सौम्यता, भिडस्तपणा, विनय असे परंपरेतील अगदी उलट अर्थ नोंदविले. ग्रंथ आणि चित्र येथे समोरासमोर उभे ठाकतात. त्यानंतरच्या पिढ्यांनी कोणाचे मानले? आज हा पत्ता हाती घेणारा बहुतेक प्रत्येकजण त्यागाचा आणि प्रस्थानाचाच अर्थ सांगतो. सौम्यता आणि विनय केवळ ग्रंथात राहिले.

६

या चित्रांनी साहित्यातही प्रवेश केला. टी. एस. एलियटच्या १९२२ मधील ‘द वेस्ट लँड’ या काव्यात टॅरो वाचणाऱ्या स्त्रीचा प्रसंग आहे. मर्ढेकरांच्या पिढीपासून मराठी समीक्षेला हे काव्य परिचित आहे. एलियटने काही पत्ते स्वतः कल्पिले आणि टॅरोची नेमकी रचना आपल्याला ठाऊक नसल्याचे टिपांत मान्य केले; परंतु तीन दंडांसह उभा असलेला पुरुष हा त्या पत्त्यांतील अस्सल पत्ता असल्याचेही तो तेथे सांगतो. जुन्या फ्रेंच संचात दंडांच्या तिर्रीवर तीन दंडच असतात, पुरुष नसतो. समुद्राकडे पाहत तीन दंडांमध्ये उभा राहिलेला पुरुष आहे तो पामेलाच्या पत्त्यावर. विसाव्या शतकातील एका प्रमुख इंग्रजी काव्याच्या प्रतिमासृष्टीत तिचे चित्र अशा रीतीने निनावी वावरत आहे.

७

पामेलाचे पुढील आयुष्य शांत आणि विपन्न होते. १९११ मध्ये तिने कॅथलिक पंथाची दीक्षा घेतली. त्याच वर्षी स्टोकरच्या ‘द लेअर ऑफ द व्हाइट वर्म’ या कादंबरीसाठी आणि १९१३ मध्ये एलेन टेरीच्या रशियन नृत्यनाट्यावरील पुस्तकासाठी तिने चित्रे काढली. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीसाठीही तिने कुंचला चालविला. पहिल्या महायुद्धानंतर वारशाने आलेल्या पैशांतून तिने कॉर्नवॉलच्या दक्षिण टोकाशी, लिझर्ड येथे, घर घेतले आणि कॅथलिक धर्मगुरूंसाठी विश्रामगृह चालविले. पत्ते काढणारी चित्रकर्ती या नात्याने तेथे तिला कोणी ओळखत होते असे दिसत नाही. अखेरची वर्षे तिने त्याच परगण्यातील ब्यूड या गावी काढली आणि १८ सप्टेंबर १९५१ रोजी ती तेथेच वारली. मागे राहिलेली चीजवस्तू आणि चित्रे ऋण फेडण्यासाठी लिलावात विकली गेली. तिच्या समाधीवर नावाचा दगड नाही.

१९७१ मध्ये अमेरिकेत या संचाचे पुनर्मुद्रण झाले आणि त्याचा प्रसार सर्वदूर झाला. योगायोगाने त्याच दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी अस्तंगत होऊ घातलेल्या गंजिफाकलेला नवजीवन दिले. दोन्ही ठिकाणी पत्ते जगले. चित्र काढणाऱ्या हातांची नोंद ठेवण्याची निकड मात्र फार उशिरा भासली. २०१८ मध्ये स्टुअर्ट कॅप्लन आणि सहकाऱ्यांनी पामेलाचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले आणि आता या संचाच्या नावात वेटच्या बरोबरीने स्मिथ हे नाव घेण्याचा प्रघात अभ्यासकांत रूढ झाला आहे.

प्रतीकाचा अर्थ ग्रंथाने ठरवावा आणि चित्राने तो केवळ दाखवावा, या गृहीतकाला पामेलाच्या कार्याने दिलेले उत्तर विचारात घेण्यासारखे आहे. वेटपाशी सिद्धान्त होता, परिभाषा होती, प्रकाशक होता. पामेलापाशी जमेकातील कथनाची रीत, रंगमंचावरील देहबोलीचे ज्ञान आणि सुरांतून आकृती पाहणारी दृष्टी होती. वेटचा ग्रंथ आज बहुधा अभ्यासकच उघडतात; पत्ते सामान्य माणूस वाचतो. आणि ते वाचताना त्याने लक्षपूर्वक पाहिले, तर चित्रांच्या कोपऱ्यात तीन अक्षरांची वेलांटीदार गुंफण त्याला आढळेल. ती वेटची नाही, रायडरचीही नाही. ती पामेलाची सही आहे.